मध्यम मुदत म्हणजे नेमकी किती?

‘मध्यम मुदतीचा’ हे विशेषण बँकेत, हवामानाच्या बातमीत, अर्थसंकल्पात सर्रास भेटते. त्याचे माप मात्र क्षेत्रागणिक बदलते.

शेतीच्या पतपुरवठ्यात हे विशेषण चांगलेच रुळले आहे. बियाणे-खतांसाठीचे पीककर्ज अल्प मुदतीचे. पीक हाती आले की ते फेडायचे. बैलजोडी घेणे किंवा विहीर दुरुस्त करणे यांवरचा खर्च एका हंगामात वसूल होत नाही. त्यासाठीचे कर्ज मध्यम मुदतीचे. रूढ वर्गीकरणात ते साधारण १५ महिने ते ५ वर्षांचे असते. त्याहून लांबले की दीर्घ मुदतीचे.

हवामानशास्त्रात हाच ‘मध्यम’ दिवसांवर येतो. भारतीय हवामान विभाग ७२ तासांपर्यंतच्या अंदाजाला लघु पल्ल्याचा आणि त्यापुढे १० दिवसांपर्यंतच्या अंदाजाला मध्यम पल्ल्याचा म्हणतो. पेरणी, फवारणी किंवा काढणीचा बेत आखायला शेतकऱ्याला हाच अंदाज उपयोगी पडतो.

केंद्र सरकारच्या हिशेबात पुन्हा वर्षे येतात. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने अर्थसंकल्पासोबत मध्यम मुदतीच्या राजकोषीय धोरणाचे विवरणपत्र मांडण्याची तरतूद केली. त्यात तीन वर्षांची उद्दिष्टे देणे अपेक्षित होते.