कोयता लागला? दगडी पाल्याआधी हे वाचा



ऊसतोड सुरू झाली की कुणाच्या ना कुणाच्या हाताला, पायाला कोयता लागतोच. अशा वेळी आपण काय करतो? बांधावरचा दगडी पाला ओरबाडायचा, तळहातावर चोळायचा आणि रस जखमेवर पिळायचा. आजी-आजोबांपासून चालत आलेला हा उपाय. त्यात तथ्य किती आणि धोका कुठं, ते आज बघूया.

*ओळख*
कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी एकदांडी, कुणी कंबरमोडी. झाड जमिनीलगत पसरतं. पानं समोरासमोर, कडा दातेरी, हात फिरवला तर खरखरीत. लांब दांडीच्या टोकाला एकच फूल येतं, मध्ये पिवळं आणि कडेला फिकट रंगाच्या मोजक्या पाकळ्या. म्हणूनच एकदांडी.
गाजर गवताशी गल्लत करू नका. त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली असतात, फुलं बारीक, पांढरी आणि झुपक्यानं येतात. ते अंगाला लागलं तर अनेकांना खाज सुटते, पुरळ उठतं.

*तथ्य काय?*
हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडं ते तण म्हणून पसरलं आणि लोकांनी अनुभवानं त्याचा उपयोग शोधला. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याच्या अर्कानं जखम भरायला मदत झाल्याचं दिसलं आहे. म्हणजे जुनी माणसं उगीच सांगत नव्हती. पण प्रयोगातला अर्क स्वच्छ आणि मोजून घेतलेला असतो. बांधावरच्या पाल्याला माती, शेण, फवारा सगळं लागलेलं असतं.

*⚠️ धोका पहिला: धनुर्वात*
धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. खोल जखमेत, जिथं हवा पोचत नाही, तिथं ते वाढतात. पाल्याबरोबर आपणच त्यांना आत ढकलतो. लक्षणं बहुतेक वेळा ३ ते २१ दिवसांत दिसतात. तोवर वरून जखम भरलेलीही असते. जबडा आवळला, मान ताठ झाली की जिवावर बेततं. पाल्याच्या रसानं धनुर्वात टळत नाही, लसीनं टळतो.

*⚠️ धोका दुसरा: तणनाशक*
ग्लायफोसेट मारलेलं तण लगेच वाळत नाही, काही दिवस हिरवंच दिसतं. टू-फोर-डी, मेट्रिब्युझिन मारलेला ऊस असो की फवारणी झालेली द्राक्षबाग, तिथला पाला जखमेला लावू नका. फवारणी कधी झाली ते आपल्याला ठाऊक असतं, तोडायला आलेल्या मजुराला नसतं.

*✅ मग करायचं काय?*
१. आधी हात धुवा. मग वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं जखम धुवा.
२. स्वच्छ कापडानं १० मिनिटं सलग दाबून धरा. मध्येच उघडून बघू नका.
३. नुसतं खरचटलं असेल आणि पाला लावायचाच असेल, तर फवारा नसलेल्या जागेचा, ओळख पटलेला, स्वच्छ धुतलेला घ्या.
४. जखम खोल असेल, उघडी दिसत असेल, रक्त थांबत नसेल, तर पाला, हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नका. दाबून धरा आणि थेट दवाखाना गाठा. गरज पडली तर १०८ ला फोन करा.
५. जखम मळकी किंवा खोल असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं उलटली असतील, किंवा कधी घेतलं ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पूर्वी त्याला टीटी म्हणायचे, आता टीडी मिळतं.
६. शुगर असलेल्यांनी पायाची लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी.
७. साप किंवा कुत्रा चावला तर झाडपाल्यात वेळ घालवू नका.

*एक विनंती:* तुमच्या फडात बाहेरगावची टोळी असेल तर मुकादमाला हे वाचून दाखवा. इथला सरकारी दवाखाना त्यांच्यासाठीही आहे. फडावर पाण्याचा कॅन, साबणाची वडी आणि स्वच्छ कापड ठेवा. खर्च किरकोळ आहे, पण त्यानं एखाद्याचा जीव वाचेल.

संदेश घरात आणि गावच्या ग्रुपवर पाठवा.

*– आपली शेतकरी उत्पादक कंपनी* 🙏