अहवालात आपण कोठे आहोत?

मोटारी बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या दरवर्षी एक जाडजूड अहवाल काढतात. कारखान्याने किती पाणी वापरले, किती वीज सूर्यापासून घेतली, किती झाडे लावली, किती मुलांना शिकविले, याचा हिशोब त्यात असतो. पर्यावरण आणि समाज यांची हानी न करता उद्योग टिकविण्याचे हे प्रयत्न 'शाश्वत विकास' या नावाने ओळखले जातात. आपल्या चळवळीतील कार्यकर्ते हा कागद हातात धरीत नाहीत. भांडवलदाराची जाहिरात म्हणून तो बाजूला टाकतात. मीही बरीच वर्षे हेच केले. माझे मत एका विद्यार्थ्यामुळे बदलले.

हा मुलगा रिसोड तालुक्यातला. आईबाप दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन सोंगणारे. पदवी घेतल्यावर तो चाकणला, मोटारीचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला. वर्ष भरायच्या आत त्याला घरी बसविण्यात आले. वाशिमला भेटला तेव्हा म्हणाला, "सर, गेटवर मोठा बोर्ड लावेल हाये. यंदा किती झाडं लावली ते लिहेल हाये. माणसं किती काढली ते नाही लिहेल."

त्याच्या या साध्या बोलण्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. काय मोजायचे आणि काय मोजायचे नाही, हे कोण ठरवितो? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी महाराष्ट्राला जवळून ठाऊक असलेल्या कंपनीचे उदाहरण घेतो. ती म्हणजे टाटा मोटर्स, जिला जुनी पिढी टेल्को म्हणून ओळखते.

टेल्कोची स्थापना 1945 ची. 1954 पासून जमशेदपूरला डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने तिचे ट्रक तयार होऊ लागले. 1966 मध्ये ती पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला आली. तेथे सुमंत मुळगावकर यांनी कारखान्याच्या उजाड जमिनीवर झाडे लावून घेतली आणि आवारात तळे करविले. पर्यावरण हा शब्द सरकारी फायलीतही नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे. तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही हिरवळ मालकाच्या इच्छेने आली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. जी गोष्ट इच्छेने येते तिच्यावर कोणाचा हक्क नसतो. त्याच कारखान्यात 1988-89 साली कामगारांचा मोठा संघर्ष झाला. राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसलेल्या कामगारांना पोलिसांनी उचलून नेले. झाडे वाढत होती, त्याच काळात हेही घडत होते.

दुसरा टप्पा धुराचा. मोटारीच्या धुराला आळा मालकांच्या सद्भावनेने बसला नाही. एम. सी. मेहता यांनी 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेतून दिल्लीच्या हवेचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे 'भारत स्टेज' ही मानके आली. 1 एप्रिल 2017 पासून चौथे मानक देशभर लागू झाले आणि पाचवे गाळून 1 एप्रिल 2020 पासून थेट सहावे आले. इंधनातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत 50 वरून 10 वर उतरले. चौथ्या मानकाची नवी वाहने 31 मार्च 2020 नंतर विकता येणार नाहीत, असे न्यायालयाने 2018 मध्येच बजावले होते. आकडा ठरला, तारीख ठरली, आणि सर्व कंपन्यांनी इंजिने बदलली.

या दोन टप्प्यांतून निघणारा धडा सरळ आहे. ज्याचे माप कायदा ठरवितो, ते बदलते. ज्याचे माप मालकाच्या मर्जीवर राहते, तो दानधर्म होतो. हा धडा जातीच्या प्रश्नाला लावून पाहू.

2004 साली केंद्रात आलेल्या सरकारने खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय आपल्या किमान समान कार्यक्रमात घेतला. उद्योगपतींनी त्याला विरोध केला. 2006 मध्ये टाटा समूहातीलच जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली उद्योगसंघटनांचा कृतिगट नेमला गेला. कायद्याने आरक्षण नको, आम्ही आपण होऊन काही करू, असा त्याचा सूर होता. त्यातून एक ऐच्छिक आचारसंहिता निघाली. टाटा समूहाने तिच्या आधारे अनुसूचित जाती-जमातींसाठी शिक्षण, रोजगारक्षमता, नोकरी आणि उद्योजकता असा कार्यक्रम आखला. टाटा मोटर्समध्ये त्याला 'आधार' असे नाव आहे. 'आरोग्य', 'विद्याधनम', 'कौशल्य', 'वसुंधरा' हे त्याचे भाऊबंद. अनेक उद्योगपतींनी एवढेही केले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

तरीही प्रश्न उरतो. 'आधार' घेणारा कोण? लाभार्थी. लाभार्थी म्हणून आपण अहवालात पानोपानी दिसतो. कामगार, पर्यवेक्षक, अभियंता, संचालक म्हणून किती दिसतो?

याचे उत्तर अहवालाच्या नमुन्यातच शोधावे लागते. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 ने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले. 2021 मध्ये 'सेबी'ने एक सविस्तर तक्ता तयार केला आणि 2022-23 पासून तो पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीचा केला. कामगारांपैकी स्त्रिया किती, पुरुष किती, अपंग किती, कायम किती आणि कायम नसलेले किती, हे तो विचारतो. किमान वेतन किती जणांना मिळते, हेही विचारतो. जात मात्र विचारीत नाही. त्याच तक्त्यात पुढे, सामाजिक प्रकल्पांच्या लाभार्थ्यांपैकी दुर्बल व वंचित गटांतील किती टक्के, असा एक रकाना आहे. म्हणजे मदत घेणाऱ्याची सामाजिक ओळख विचारताना जी अडचण येत नाही, ती यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाची विचारताना येते! शिवाय हा लाभार्थ्यांचा रकानाही ऐच्छिक भागात ठेवला आहे.

जात मोजली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले होते, फक्त नावे वेगळी होती. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरली. 2012 मध्ये 1000 कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ 93 टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे निघाले, तर अनुसूचित जाती-जमातींचे साडेतीन टक्के.

हे आपल्याला नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त पगार त्याच खात्यात होता. गिरणीच्या हिशोबात खाती होती, कामगार होते, मजुरी होती. विटाळाचा रकाना नव्हता. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. पुढे 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आजचा तक्ता भांडवलाला थोडेबहुत प्रश्न विचारतो. पहिल्या शत्रूचे नावही घेत नाही.

आता आमच्या वाशिमकडे येतो. खर्च करताना कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलम 135 म्हणते. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. पण ज्या जिल्ह्यात मोटारीचा कारखानाच नाही, त्याने काय करावे? आमच्या जिल्ह्यात अनुसूचित जातींची वस्ती जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. आमची तरुण मुले पुण्याला, चाकणला जाऊन नफा निर्माण करतात आणि त्या नफ्याच्या दोन टक्क्यांवर पहिला हक्क पुण्याचा, चाकणचा ठरतो. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. मोटारी आमच्या शिवारातून धावतात, त्यांचा 'परिसर' मात्र दुसरीकडे असतो. विजेच्या मोटारी धूर सोडीत नाहीत हे खरे. पण देशातील विजेचा मोठा भाग अजून कोळशाचा आहे, आणि असा कोळसा जाळणारे केंद्र शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला आहे. शहरातील धूर कमी होतो, तेव्हा राख कोणाच्या गावी पडते, हे विचारले पाहिजे.

एक दार मात्र उघडे आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने देशातील मागे राहिलेले जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले. महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासोबत वाशिम आहे. सेबीच्या तक्त्यात अशा जिल्ह्यांत कंपनीने काय खर्च केला, असा रकाना आहे. तोही ऐच्छिकच. पण रकाना आहे म्हणजे प्रश्न विचारता येतो.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षकमित्रांना माझे सांगणे आहे की, हे अहवाल वाचा. कायम नसलेल्या कामगारांचा आकडा आधी पाहा. आकांक्षित जिल्ह्यांच्या रकान्यात वाशिम शोधा. सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांची माहिती त्यात आहे का ते पाहा, कारण आपली मुले बहुधा तेथेच असतात. आणि एक मागणी लावून धरा : कायम व ठेक्यावरील कामगारांची, पर्यवेक्षकांची, अधिकाऱ्यांची सामाजिक वर्गवारी, नावे न देता केवळ संख्येने, सक्तीच्या भागात आली पाहिजे. गंधकाचे दशलक्षात 10 भाग मोजणाऱ्या उद्योगाला हे मोजणे अशक्य नाही.

कारखान्यातील झाडांविषयी माझी तक्रार नाही. झाडे मोजावीत, पाणी मोजावे. त्याच कागदावर आमची मुले लाभार्थी म्हणून मोजली जातात, तशी ती कामगार म्हणूनही मोजली जावीत. दया कोणावर केली हे सांगणारा अहवाल आम्हाला पुरेसा नाही. हक्क कोणाला मिळाला, हे त्याने सांगितले पाहिजे.