मानसशास्त्र शिकायचंय? आधी पाटीवर काय लिहिणार ते ठरवा

चाळिशी जवळ आली की बऱ्याच जणांना मानसशास्त्राची ओढ लागते. आयटीतला प्रोजेक्ट मॅनेजर असो, मुलं मोठी झालेली गृहिणी असो की बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला अधिकारी, कारण बहुतेकांचं एकच असतं: ‘सगळे माझ्यापाशीच मन मोकळं करतात.’ मग एखादा कोर्स सापडतो, फी भरली जाते आणि थोड्याच दिवसांत पुढ्यात येतं प्रमाण विचलन.

पहिला गैरसमज तिथेच गळून पडतो. विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली तेव्हापासून हा विषय मोजमापाचा आहे. संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, चाचण्यांची विश्वसनीयता यांना वळसा घालून एम.ए. होत नाही. समोरच्याचं मन ओळखण्याची विद्या तर कुठल्याच विद्यापीठात शिकवत नाहीत. ऐकून घेता येणं हा गुण खरा, पण ओट्याशी उभं राहून मैत्रिणीचं ऐकणं वेगळं आणि आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या अनोळखी माणसासमोर बसणं वेगळं.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज म्हणजे ‘एम.ए. झालं की पेशंट बघता येतात’. गोळ्या लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. घोटाळा होतो तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या शब्दाशी. त्याची व्याख्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच आहे: एक तर भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेली पात्रता हवी, किंवा एम.ए.वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. हवं, तेही देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह. पूर्णवेळ याचा अर्थ ओपीडी, वॉर्ड, केस हिस्टरी आणि वरिष्ठांची बोलणी. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी हे उरकत नाही. शिवाय ही वाट सध्या बदलते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवी मोडीत काढली आणि क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती 2025-26 पर्यंत सवलत दिली. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी मैत्रिणीने ज्या रस्त्याने मजल मारली, तो रस्ता आज उघडा असेलच असं नाही.

‘घरबसल्या एम.ए. करू’ हा बेतही आता जुना झाला. इग्नूसारख्या संस्थांमुळे हजारो गृहिणी आणि नोकरदारांना दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्र शिकता आलं, ही मोठी सोय होती. पण जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे मानसशास्त्राचे नवे प्रवेश थांबवले. मानसशास्त्र हा विषय 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या कक्षेत आला, हे त्यामागचं कारण. ज्यांचा प्रवेश आधीच झालेला आहे त्यांना अभ्यासक्रम पूर्ण करता येतो. तरीही कुणी ‘यूजीसी मान्य, संपूर्ण ऑनलाइन’ म्हणून नवा प्रवेश देऊ लागलं, तर लेखी पुरावा मागावा.

समुपदेशक या शब्दाला मात्र कायद्याचं कुंपण आजवर नव्हतं. म्हणूनच दोन दिवसांच्या कार्यशाळेची आणि सोनेरी शिक्क्याच्या प्रमाणपत्राची चलती आहे. अशा प्रमाणपत्राने भिंत सजते. अडचणीतल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

वयाचं आणि शाखेचं भय मात्र अवाजवी आहे. मनोविश्लेषक सुधीर कक्कर मूळचे मेकॅनिकल इंजिनीअर. त्यांनी डॉक्टरेट केली ती अर्थशास्त्रात, आणि मनोविश्लेषणाकडे ते वळले त्यानंतर. त्यांना या वाटेला लावणारे एरिक एरिक्सन अहमदाबादेत गांधीजींवरच्या पुस्तकाच्या कामात होते. या एरिक्सनकडे विद्यापीठाची एकही पदवी नव्हती. तरुणपणी ते चित्रकार होते आणि पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाले. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीमुळे महाराष्ट्रात नाव झालेले अल्बर्ट एलिस यांची पहिली पदवी वाणिज्य शाखेची. मात्र एलिस वा कक्कर यांनी प्रशिक्षणाला फाटा दिला नव्हता, आणि पदवीविना राहिलेले एरिक्सनही व्हिएन्नात अ‍ॅना फ्रॉइड यांच्या हाताखाली रीतसर तयार झाले होते. आपल्याकडेही अनेक विद्यापीठं इतर शाखांच्या पदवीधरांना एम.ए.ला घेतात, काही घेत नाहीत. माहितीपत्रक वाचल्यावाचून अर्ज भरू नये.

याउलट टोकाचा गैरसमजही आहे: मोठी पदवी नसेल तर या क्षेत्रात जागाच नाही. गोव्यातल्या संगत संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशी माणसं नेमली, ज्यांना मानसिक आरोग्याचं आधीचं काहीही शिक्षण नव्हतं. त्यांना प्रशिक्षण दिलं, त्यांच्या सत्रांवर नियमित देखरेख ठेवली, आणि नैराश्याच्या रुग्णांना मोजक्या सत्रांत फरक पडल्याचं ‘लॅन्सेट’ने 2017 मध्ये छापलं. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण पुढे तिथेच समुपदेशक झाले. पदवीपेक्षा देखरेख मोलाची, हे दोन्ही ठिकाणी दिसतं. आपण चुकलो तर सांगणारं कुणी आहे का, हा प्रश्न कोर्सच्या नावापेक्षा आधी विचारायला हवा.

राहता राहिले स्वतःला समजून घ्यायला शिकणारे. त्यांच्यासाठी दोन वर्षांचं एम.ए. म्हणजे बहुधा द्राविडी प्राणायाम. मनोविकृतीचा पेपर वाचताना प्रत्येक लक्षण स्वतःतच दिसू लागतं, हे या विषयाच्या विद्यार्थ्यांत नेहमीचंच. कुतूहल असेल तर चांगली पुस्तकं आणि एखादा छोटा अभ्यासवर्ग पुरेसा आहे. त्रास असेल तर वर्गात बसण्याआधी तज्ज्ञासमोर बसावं. केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, म्हणजे 14416 वर, फुकट बोलता येतं आणि मराठीतही बोलता येतं.

आणि ज्यांना खरोखर क्लिनिकलची पाटी लावायची आहे, त्यांनी पहिला हप्ता भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडावी. तिथे संस्थेचं नाव असून भागत नाही. नेमका अभ्यासक्रम आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हेही बघावं लागतं.