पिशवीच्या तोंडाची तपासणी

टेबलावर झोपलेल्या बाईच्या गुडघ्यांवर चादर नीट ओढून घेतल्याशिवाय सिस्टर स्पेक्युलमला हात लावत नाहीत. "आता थोडं गार लागेल हं काकू. अंग ढिलं सोडा. दुखलं तर नुसता हात वर करा, मी थांबते." आणि हात वर झाला की त्या खरंच थांबतात. उपकेंद्राच्या त्या छोट्या खोलीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे थांबणं.

मग बॅटरीचा प्रकाश, आणि पाच टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा. ताकदीनं हे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरएवढंच. बोळा गर्भाशयाच्या मुखावर हलकेच टेकवायचा आणि घड्याळाकडे बघत पुरतं एक मिनिट थांबायचं. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, तशी बिघडू लागलेल्या पेशींतली प्रथिनं आम्लानं साकळतात आणि तेवढा भाग पांढरा दिसू लागतो. घाईनं तीस सेकंदांत बघितलं, तर तो डाग निसटू शकतो.

पांढरं दिसलं म्हणजे लगेच दोष, असंही नाही. सूज असली तरी फिकट पांढुरकी छटा येते. सिस्टर शोधतात तो डाग दाट असतो, त्याच्या कडा स्पष्ट असतात आणि मुखावरची दोन अस्तरं जिथं मिळतात त्या रेषेला तो चिकटलेला असतो. पाळी गेलेल्या बायकांत ही रेषा आत सरकते, डोळ्यांना दिसतच नाही. अशा बाईला "सगळं ठीक आहे" असं सांगून घरी पाठवणं म्हणजे फसवणूक. सिस्टर तिचं नाव वेगळ्या तपासणीसाठी लिहून घेतात.

या साध्या तपासणीमागं आपल्याच मातीतली मोठी कामं आहेत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दर दोन वर्षांनी ती केली. करणाऱ्या होत्या प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागानं, १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. तिथं एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं, म्हणजे या कॅन्सरमागच्या विषाणूच्या चाचणीनं, मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीनं मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणून एचपीव्ही चाचणी प्रत्येक तालुक्याला मिळायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिचा अहवाल मागाहून आला, तर बाईला पुन्हा बोलवावं लागतं, आणि मजुरी बुडवून पुन्हा येणं सगळ्यांना जमत नाही. व्हिनेगरच्या तपासणीत उत्तर टेबलावरून उतरायच्या आत मिळतं.

बाहेर बाकावर बसलेल्यांना कॅन्सरपेक्षा दुसरीच भीती. "पिशवी काढायला तर सांगणार नाहीत ना, सिस्टर?" हा प्रश्न उगाच आलेला नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये राज्य सरकारला त्याची चौकशी करावी लागली. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावरून कॅन्सरची भीती घालायची आणि शस्त्रक्रियेला तयार करायचं, हा बाईच्या अज्ञानाचा नव्हे, तिच्या विश्वासाचा गैरफायदा आहे. पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्यांनी आटोक्यात येतं. सिस्टर प्रत्येकीला ते सांगतात, आणि हेही, "कुणी पिशवी काढा म्हणालं तर आधी कागद घेऊन माझ्याकडं या."

डाग सापडला आणि तो लहान असला, तर साधारण १०० अंशांपर्यंत तापणारं टोक अर्धा मिनिट टेकवून तो भाग जाळता येतो. भूल लागत नाही. पाळीत येते तशी कळ येते. पिशवी जागच्या जागी राहते. पुढचे काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो आणि महिनाभर नवऱ्यापासून दूर राहायचं असतं. अवघड भाग हा. "मालकांना कसं सांगू?" असं विचारणाऱ्या बाईला नुसती सूचना देऊन भागत नाही. सिस्टर आधी तिला विचारतात, त्यांना मी सांगू का? ती हो म्हणाली तरच नवऱ्याला आत बोलावतात.

वहीत फोन नंबर लिहिताना पुन्हा तोच विचार. नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा. म्हणून त्यापुढं सिस्टर लिहितात: निरोप फोनवर नको, आशाताईंनी घरी जाऊन, एकटीला सांगावा.