चिपाडाखालची शेवरलेट

कागलजवळच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात जुनी काहील बघायला गेलो होतो. काहील राहिली बाजूला. चिपाडाच्या ढिगातून एक बसकं नाक डोकावत होतं. मालक म्हणाले, "फोर्ड हाय ती. वडलांनी लिलावात घेतल्याली. मागचं चाक जॅकवर उचलायचं, पट्टा टाकायचा, की घाणा सुरू."

फोर्ड नव्हती ती. बॉनेट उघडलं तर आत एका रांगेत सहा सिलिंडर. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या फोर्ड आणि जनरल मोटर्सनी ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी एकाच नमुन्याचे चार लाखांवर ट्रक बांधले. केबिन सारखीच, म्हणून फसगत होते; फोर्डचं इंजिन मात्र व्ही-८. ही शेवरलेट सी-१५ए: पाऊण टनी, ८५ अश्वशक्तीची, चारही चाकांना ओढ. समोरची काच वरून पुढे आणि खालून आत कललेली, उन्हाची चमक विमानातून दिसू नये म्हणून. इंजिन जवळजवळ मांडीलाच. पेडल इतकी दाटीवाटीची, की कोल्हापुरी घालून चालवणाऱ्यानं आधी चप्पल काढावी.

गाडी गॅरेजात आणली. पहिल्याच दिवशी तिथला पोरगा पाना घेऊन चाकाला भिडला. मी ओरडलोच. या चाकावर नटांची दोन कडी असतात. आतलं हबचं, बाहेरचं रिमच्या दोन पाती जोडणारं. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सोडले, तर पात उडून माणूस जागीच जातो. हवा काढून मगच हात लावला.

खरा वेळ खाल्ला बेअरिंगनी. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडला सुटे शेल नसतात. व्हाइट मेटल रॉडच्या डोळ्यातच ओतून लेथवर बोअर करायचं. रॉडच्या बुडाला इवलीशी पळी असते, ती दर फेऱ्याला पन्हाळीतलं ऑइल उचलून घेते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी घाईत ओतलं. आधीची कल्हई नीट धरली नव्हती, सगळं सोलून निघालं. दुसऱ्यांदा सत्तरीतल्या एका मिस्त्रींना पुढं केलं. त्यांनी रॉड तापवला, कल्हई चढवली आणि मला लांब उभं राहायला सांगितलं.

पत्रा खरवडला तर आधी निळा, मग पिवळा, तळाला खाकी. मित्र म्हणाले, दोस्त फौजांचा पांढरा तारा काढ, फोटोत उठून दिसेल. पत्र्यावर ताऱ्याची खूण नव्हती, काढला नाही. मागच्या चाकावरचा पट्ट्याचा घासलेला चट्टा मात्र तसाच ठेवला.

इंजिन धरलं त्या दिवशी गुऱ्हाळाचे मालक आले. कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "घाण्याला होती तवा आवाज जड यायचा."