पल्सरच्या शिखराचे दशक

गॅमा वर्णपटमितीच्या आजच्या अंकीय विश्लेषकांत हुकलेल्या स्पंदांची भरपाई यंत्राच्या पोटातच उरकली जाते आणि पडद्यावर ‘लाइव्ह टाइम’चा, म्हणजे यंत्र मोजणीस मोकळे असलेल्या वेळेचा, आकडा तेवढा उमटतो, तो पडताळण्याची सवय मावळत चालल्यामुळे, ती ज्या दशकात अंगवळणी पडली त्याचा मागोवा घेणे अप्रस्तुत ठरू नये.

सोडियम आयोडाइड स्फटिकांची १९४८ नंतरची दीडेक दशके येथे ओलांडून जाण्यास हरकत नाही. १९६३ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हर येथे टॅव्हेंडेल व यूअन यांनी लिथियम मुरवलेल्या जर्मेनियमचे डिटेक्टर वापरून एकमेकांना खेटलेली शिखरे सुटी करून दाखवली, आणि मग शिखरातील मोजणीच्या अचूकतेचा प्रश्न टाळता येईना. विल्किन्सन पद्धतीच्या विश्लेषकात, १०० मेगाहर्ट्‌झचे घड्याळ असले तरी, ४,०००व्या घरात पडणाऱ्या स्पंदाचे मापन ४० मायक्रोसेकंद चाले आणि तेवढ्यात आलेला दुसरा स्पंद वाया जाई. हा मृतकाल वगळणारी सोय यंत्रात होतीच, व तिच्यावर विसंबणाऱ्यांचा आत्मविश्वास दांडगा होता. परंतु प्रवर्धकात दोन स्पंद एकमेकांवर चढले, की दोन्ही आपापल्या शिखरांतून नाहीसे होतात आणि त्यांची बेरीज भलत्याच घरात जमा होते, याचा त्या सोयीला पत्ताही नसे.

अँडर्स यांनी १९६९ मध्ये, आणि बोलोटिन, स्ट्रॉस व मॅक्लूर यांनी १९७० मध्ये मांडलेला उपाय पल्सरचा, म्हणजे ठरल्या गतीने कृत्रिम स्पंद सोडणाऱ्या जनित्राचा, होता. हे स्पंद पूर्वप्रवर्धकातच शिरत असल्याने खऱ्या स्पंदांच्या वाटेवरचे सारे धोके त्यांनाही भोगावे लागत. सेकंदाला ५० याप्रमाणे हजार सेकंदांत सोडलेल्या ५०,००० पैकी ४५,०००च वर्णपटातील मोकळ्या जागी भरले, तर गॅमा शिखरांना १.११ने गुणावे लागे. पल्सरच्या स्पंदाची शेपटी डिटेक्टरच्या स्पंदासारखी जुळवणे मात्र किचकट होते, कारण ती न जुळल्यास आधाररेषा खचून शिखरे विद्रूप होत. शिवाय २.२४ मिनिटांच्या अर्धायुष्याच्या अॅल्युमिनियम-२८ सारख्या उगमाची बहुतेक मोजणी, नुकसान सर्वाधिक असताना, आरंभीच होत असल्याने, एकाच गतीचा पल्सर भरपाई कमी दाखवी.

या उणिवेवर व्हिएन्नात वेस्टफाल यांनी आभासी पल्सर आणला, ज्यात स्पंद न सोडता यंत्र मोकळे आहे की नाही एवढेच वारंवार तपासले जाते. युक्ती चतुर खरी, पण नुकसानीचा साक्षीदार असलेले शिखर वर्णपटातून गेले ते तेव्हापासून, आणि अंकीय विश्लेषकांनी ती उणीव कोणाला जाणवूही दिली नाही. पडताळणीसाठी आता सीझियम-१३७चा उगम एका जागी पक्का ठेवून कोबाल्ट-६०चा उगम हळूहळू जवळ आणायचा आणि ६६१.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे शिखर किती घटते ते पाहायचे, ही रीत उरते. तिला अर्धा दिवस लागतो, आणि नेमका तोच अनेक प्रयोगशाळांच्या वेळापत्रकात सापडत नाही.