सर्वांसाठी उघडं दार

जर्मनीतलं लाइपझिग शहर संगीतप्रेमींना बाखमुळे माहीत असतं. माझी त्याच्याशी ओळख झाली ती कंपनीच्या कामामुळे. तिथल्या सहकाऱ्यांना ‘शहरात काय बघू?’ असं विचारलं, तर बहुतेकांनी पहिलं नाव घेतलं निकोलाय चर्चचं. गंमत म्हणजे त्यांच्यापैकी कुणीच चर्चला जाणारं नव्हतं. मग हे लोक एका चर्चबद्दल इतक्या आपुलकीनं का बोलतात? याचं उत्तर शोधताना जे कळलं, ते आपल्या मंडळाच्या तरुण वाचकांना सांगावंसं वाटलं.

हे चर्च साधारण ११६५ सालापासूनचं. १५३९ मध्ये शहरानं मार्टिन ल्यूथरचा सुधारणावादी पंथ स्वीकारला आणि तेव्हापासून ते ल्यूथरन झालं. आतल्या उंच पांढऱ्या खांबांच्या माथ्यावर ताडाच्या झावळ्या कोरल्या आहेत. पण शहराला चर्चचा जिव्हाळा वाटतो तो या सौंदर्यामुळे नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाइपझिग साम्यवादी पूर्व जर्मनीत गेलं. सरकारविरुद्ध बोलायची सोय नव्हती आणि गुप्त पोलिसांचं सगळीकडे लक्ष असे. लोकांना थोडं मोकळेपणी जमता येईल अशी जागा जवळपास एकच उरली होती, ती म्हणजे चर्च. सप्टेंबर १९८२ पासून निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना सुरू झाली. कधीकधी जेमतेम मूठभर माणसं यायची, तरी प्रार्थना बंद पडली नाही. पाळक क्रिस्तियान फ्यूरर यांच्या काळात बाहेर पाटी लागली: ‘निकोलाय चर्च, सर्वांसाठी खुलं’.

पाटी लावणं सोपं असतं, ती पाळणं अवघड. देश सोडायची परवानगी मागणारे, पर्यावरणासाठी झटणारे, सैन्यात जायला नकार देणारे असे सगळे येऊ लागले. त्यांच्यातल्या अनेकांचा देवाशी काही संबंध नव्हता. प्रार्थनेपेक्षा राजकारणच जास्त होतंय, अशी कुरबुर चर्चच्या आतही झाली. १९८८ मध्ये या गटांकडून प्रार्थनेच्या आयोजनाचं काम काढून घेण्यात आलं. वाद झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा सामील करून घेण्यात आलं. दार उघडं ठेवण्याची किंमत घरातच मोजावी लागते, ती अशी.

खरी कसोटी लागली ९ ऑक्टोबर १९८९ रोजी. शहरात सशस्त्र पोलीस तैनात होते आणि गोळीबार होणार अशी भीती पसरली होती. सत्ताधारी पक्षानं आपले शेकडो लोक दुपारीच चर्चमध्ये नेऊन बसवले, म्हणजे इतरांना जागाच मिळू नये. फ्यूरर यांनी त्यांना बाहेर काढलं नाही. पाटीवरच्या ‘सर्वां’मध्ये तेही आलेच की! त्यांनीही ती प्रार्थना ऐकली. बाहेर पडल्यावर साधारण सत्तर हजार माणसं रस्त्यावर होती. अनेकांच्या हातात मेणबत्त्या होत्या. फ्यूरर पुढे सांगत की मेणबत्ती विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करावा लागतो, मग दगड उचलायला हात मोकळा राहतच नाही. त्या रात्री गोळी सुटली नाही. बरोबर एका महिन्यानं, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत खुली झाली.

त्यानंतर गर्दी ओसरली. देश एक झाला, पण पूर्वेकडचे कारखाने बंद पडून असंख्य लोक बेकार झाले. तेव्हा फ्यूरर आणि त्यांचे सहकारी बेकारांच्या पाठीशी उभे राहिले. फ्यूरर २०१४ मध्ये गेले. सोमवारची पाचची प्रार्थना अजून सुरू आहे. माझे सहकारी तिला जात नाहीत, पण ते चर्च त्यांना आपलं वाटतं. कारण गरज होती तेव्हा ‘तुम्ही आमचे सभासद आहात का?’ असं त्यांच्या आईवडलांना तिथं कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती बांधव चर्चच्या सभासदांना ‘मंडळी’ म्हणतात. आपणही मंडळवालेच. बडोदा असो, इंदूर असो की बेळगाव, आपल्या पणजोबांच्या पिढीनं उभारलेले हॉल, वाचनालयं, गणेशोत्सव आपण सांभाळतो आहोत. पण आपल्या हॉलच्या शेजारी राहणारा अमराठी माणूस आत किती वेळा आला असेल? उद्या हॉलला कुलूप लागलं, तर आपल्याशिवाय कुणाला चुकल्यासारखं वाटेल?

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि एक ठरलेली वेळ पुरे. गल्लीतल्या कोणत्याही मुलाला अभ्यासाला बसता येईल, कोणत्याही आजोबांना पेपर वाचता येईल. पहिले काही महिने चारच जण येतील. तरी पुढच्या आठवड्यात, त्याच वेळी, कुलूप उघडायला कुणीतरी हजर हवं. आपल्या मंडळात हे काम आपल्या पिढीनं अंगावर घ्यावं, असं मला वाटतं.